मीटर करंट दाखवत नाही? आधी पाच रुपयांचा फ्यूज पाहा

मल्टीमीटर व्होल्टेज नीट दाखवतो, कंटिन्यूटीला बीप देतो, सेल तपासतो. करंट मोजायला घेतला की मात्र पडद्यावरचे शून्य हलत नाही. असा मीटर लोक ‘गेला’ म्हणून खणात टाकतात आणि नवा आणतात. नव्या मीटरचीही काही दिवसांत तीच गत होते, कारण मूळ चूक कोणी शोधलेली नसते. करंट न दाखवणाऱ्या मीटरमध्ये बहुतेक वेळा आतला काचेचा फ्यूज उडालेला असतो. नाहीतर लीड चुकीच्या भोकात असते, किंवा जो करंट मोजायचा तो मोजण्याची सोयच त्या मीटरमध्ये नसते. खरोखर दुरुस्तीला न्यावा लागेल असा बिघाड त्यानंतर येतो.

शिवऱ्यासारख्या गावात हा प्रश्न घरोघरी नसला तरी वाडीवस्तीवर एखाद्याला तरी पडलेला असतोच. गाव पुणे–सातारा महामार्गावर, भोर तालुक्यात. एका बाजूला शिवगंगेच्या खोऱ्यातली शेती, विहिरीवरच्या मोटरी आणि स्टार्टरच्या पेट्या. दुसऱ्या बाजूला महामार्गालगतची गॅरेजे, फॅब्रिकेशनच्या शेड, हॉटेलांचे इन्व्हर्टर. सगळीकडे मीटर लागतो आणि प्रत्येक ठिकाणी तो वेगळ्या कारणाने बंद पडतो. शिवाय पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, जायचे म्हणजे खेड शिवापूरचा टोलनाका, कात्रजचा बोगदा आणि शहरातली गर्दी पार करून अर्धा दिवस घालवायचा. पाच रुपयांच्या वस्तूसाठी अर्धा दिवस मोडायचा की नाही, हे ठरवायचे तर बिघाड कुठे आहे ते घरीच कळले पाहिजे. ते कळते, आणि त्याला दुसरा मीटरही लागत नाही.

पुढे दिलेल्या किमती ढोबळ आहेत. दुकान, ब्रँड आणि नगांची संख्या यांनुसार त्या खालीवर होतील. कोणत्या खर्चाला हो म्हणायचे आणि कोणत्याला नाही, हे ठरवायला मात्र त्या पुरतात.

बल्ब पेटतो की नाही?

व्होल्टेज मोजताना मीटर दोन टोकांवर टेकवायचा असतो. करंट मोजताना वायर एका जागी तोडून त्या तुटलेल्या जागी मीटर जोडायचा असतो, म्हणजे सगळा करंट मीटरच्या पोटातून जातो. पाण्याचा मीटर जसा पाइप कापूनच बसवावा लागतो, पाइपला बाहेरून टेकवून चालत नाही, तसेच हे. कारागीर याला ‘सिरीजमध्ये लावणे’ म्हणतात. सगळी तपासणी या एका गोष्टीवर उभी आहे.

मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॉटचा बल्ब आणि १२ व्होल्टची बॅटरी घ्या. बॅटरीच्या प्लसपासून मीटर, मीटरपासून बल्ब, बल्बपासून बॅटरीचा मायनस अशी जोडणी करा. काळी लीड ‘कॉम’मध्ये, लाल लीड ‘१० ए’ लिहिलेल्या भोकात, नॉब डीसी १० अँपिअरवर. बल्ब पूर्ण पेटला आणि पडद्यावर ०.८च्या आसपास आकडा आला, तर मोठी रेंज ठणठणीत आहे.

बल्ब पेटला नाही तर करंटचा रस्ताच कुठेतरी तुटलेला आहे: लीड आतून तुटली आहे, लाल लीड चुकीच्या भोकात आहे किंवा त्या रेंजचा फ्यूज उडाला आहे. बल्ब पेटला आणि तरी आकडा शून्यच असला तर रस्ता चालू आहे, मीटरच करंट ‘पाहत’ नाही. तेव्हा नॉब एसीवर असेल, रेंज चुकीची असेल, किंवा आतला शंट (मोठ्या भोकाची जाड तार) अथवा नॉबखालचा स्विच बिघडला असेल. पेटला की नाही, एवढ्यावरून निम्म्या शक्यता गळतात. कोणत्याही दुकानदाराने मीटर हातात घेऊन ‘आयसी गेली’ म्हणण्याआधी ही चाचणी करून दाखवायला हवी.

लहान रेंजसाठी हा बल्ब मुळीच लावू नका. त्याला जवळपास ८०० मिलीअँपिअर लागतात आणि साध्या मीटरची लहान रेंज २०० मिलीअँपिअरवर संपते. चाचणी घेता घेताच फ्यूज जाईल. तिथे ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि १ किलोओहमचा रेझिस्टर घ्या. त्यावर तपकिरी, काळा, लाल असे पट्टे असतात आणि तो रुपया-दोन रुपयांना मिळतो. लाल लीड मिलीअँपिअरच्या भोकात, नॉब २० मिलीअँपिअरवर. ताज्या बॅटरीला ९च्या आसपास आकडा आला पाहिजे. शून्य आले तर फ्यूजकडे वळा.

ज्या मीटरला व्होल्ट-ओहमचे भोक वेगळे आणि मिलीअँपिअरचे वेगळे असते, त्यात फ्यूज न उघडताही तपासता येतो. लाल लीड व्होल्ट-ओहमच्या भोकात ठेवा, नॉब ओहमवर करा आणि त्याच लीडचे टोक मिलीअँपिअरच्या भोकात आतल्या धातूला टेकवा. लहान आकडा आला तर फ्यूज शाबूत, काहीच बदलले नाही तर उडालेला. किती ओहम यावेत हे मॉडेलप्रमाणे बदलते, काही चांगल्या मीटरमध्ये ते एक किलोओहमपर्यंतही असते. मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असतो. १० अँपिअरच्या भोकात टेकवल्यावर मात्र जवळजवळ शून्य यायला हवे.

फ्यूज का उडतो

याची गोष्ट बहुतेक घरांत सारखीच असते. कोणीतरी काहीतरी करंट मोजला आणि लाल लीड करंटच्याच भोकात राहिली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणीतरी तोच मीटर उचलून प्लगमध्ये २३० व्होल्ट आहेत का ते पाहायला प्रोब घातले. करंटच्या रेंजवर मीटरचा आतला अडथळा अगदी कमी असतो. १० अँपिअरच्या रेंजवर तर साध्या मीटरमध्ये ०.०१ ओहमच्या जवळपास, म्हणजे जाड तारेचा एक तुकडाच. प्लगच्या दोन भोकांत तार घातल्यासारखे होते. लहान रेंज असेल तर फ्यूज उडतो आणि मीटर वाचतो. मोठी रेंज असेल आणि तिला फ्यूजच नसेल, तर प्रोबची टोके वितळतात, ठिणगी अंगावर येते आणि घरातला एमसीबी पडेपर्यंत जे व्हायचे ते होऊन जाते.

बाजारात सगळीकडे दिसणारा पिवळा किंवा काळा डीटी-८३०डी हा स्वस्त मीटर नीट पाहा. त्याच्या १० अँपिअरच्या भोकाशेजारी बारीक इंग्रजी अक्षरांत फ्यूज नसल्याचे छापलेले असते. हे विकणाऱ्याने तोंडाने सांगावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वाचता येत नाही एवढ्या लहान अक्षरांत छापून जबाबदारी संपत नाही.

फ्यूज बदलायला अवघड काही नाही. दोन्ही लीड काढून बाजूला ठेवा, मागचे दोन-तीन स्क्रू सोडा, झाकण उचला. ५ मिलिमीटर जाड, २० मिलिमीटर लांब अशी काचेची नळी दोन चिमट्यांत बसवलेली दिसेल. आतली तार तुटलेली किंवा काच काळी पडलेली असली तर प्रश्न मिटला. तार शाबूत दिसली म्हणून मात्र खात्री धरू नका. कधी ती टोपीच्या आत तुटलेली असते. नळी बाहेर काढून त्याच मीटरच्या बीपवर तपासा. व्होल्टेज आणि ओहमचे काम बहुतेक मीटरमध्ये या फ्यूजवाचून चालत राहते, आणि म्हणूनच तो उडालेला महिनोन् महिने कळत नाही.

टोपीवर आकडे कोरलेले असतात. साध्या मीटरमध्ये २०० किंवा २५० मिलीअँपिअर, २५० व्होल्ट आणि आधी इंग्रजी ‘एफ’ हे अक्षर. एफ म्हणजे लगेच उडणारा. ‘टी’ असेल तर सावकाश उडणारा. एफच्या जागी टी बसवू नका आणि आकडा वाढवू नका. २०० मिलीअँपिअरचा मिळाला नाही म्हणून ५ अँपिअरचा बसवला, तर पुढच्या चुकीला फ्यूज टिकतो आणि त्याच्यामागचे रेझिस्टर जळतात. मग दुरुस्तीचा खर्च मीटरच्या किमतीवर जातो.

असा काचेचा फ्यूज सुटा घेतला तर साधारण पाच-दहा रुपयांना, दहा नग घेतले तर आणखी स्वस्त. नसरापूर, भोर किंवा खेड शिवापूरच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात ५ अँपिअरचे सहज मिळतात, २०० मिलीअँपिअरचे नेमके मिळतीलच असे नाही. टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे विचारा. त्याच्या डबीत ते असतात. कामासाठी पुण्याला गेलात तर बुधवार पेठेतल्या पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून पाकीटच घेऊन ठेवा. केवळ फ्यूजसाठी जाणे परवडत नाही.

महाग मीटरमध्ये हिशोब वेगळा. फ्लूकसारख्या मीटरमध्ये वाळू भरलेले, १००० व्होल्टचे जाड फ्यूज असतात: मिलीअँपिअरसाठी ४४० मिलीअँपिअरचा, मोठ्या रेंजसाठी ११ अँपिअरचा. एकेकाची किंमत शेकड्यांत, अस्सल कंपनीचा घेतला तर हजाराच्या आसपासही जाते. एवढ्या पैशांत चार स्वस्त मीटर येतात, असे म्हणत लोक तिथे साधी काचेची नळी बसवतात. असे करू नका. साध्या काचेच्या फ्यूजची तोडण्याची ताकद अवघी ३५ अँपिअरच्या घरात असते. त्याच मापाच्या, वाळू भरलेल्या सिरॅमिक फ्यूजची १५०० अँपिअर, आणि त्या जाड फ्यूजांची त्याहून कितीतरी जास्त. ट्रान्सफॉर्मर जवळ असेल आणि थ्री-फेजवर शॉर्ट झाला, तर शेकडो-हजारो अँपिअर धावतात. काचेची नळी तेव्हा करंट तोडत नाही, हातात फुटते.

आणि तार? फ्यूजच्या जागी वायरची एक तार गुंडाळलेले किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावलेले मीटर जागोजागी सापडतात. जुना मीटर विकत घेताना किंवा कोणाचा वापरायला घेताना आधी मागचे झाकण उघडून बघा. तार दिसली तर तो मीटर हातात धरू नका, मग तो कितीही बरोबर आकडे दाखवत असो.

विहिरीवरची मोटर मल्टीमीटरने मोजू नये

शेतकऱ्याकडून सगळ्यात जास्त फ्यूज इथे जातात. मोटर गरम होते, पाणी कमी फेकते, ओव्हरलोड पडतो. किती अँपिअर घेते ते पाहावे म्हणून मल्टीमीटर लावला जातो. डीटी-८३०डी प्रकारच्या मीटरला एसी करंट मोजताच येत नाही. त्याच्यावर एसी व्होल्टेज आहे, डीसी व्होल्टेज आहे, करंट मात्र फक्त डीसी. नॉबभोवती नीट पाहिले तर ‘ए’ या अक्षराच्या शेजारी सरळ रेघ आणि तुटक रेघ दिसेल, नागमोडी रेघ दिसणार नाही. नागमोडी रेघ नाही म्हणजे मोटरीचा करंट नाही. मीटर बिघडलेला नसतो, चुकीच्या कामाला लावलेला असतो.

एसी करंट मोजणारा मल्टीमीटर असला तरी आकडे पाहा. ५ एचपीची थ्री-फेज मोटर भरल्या लोडवर साधारण सात-साडेसात अँपिअर घेते, साडेसात एचपीची अकराच्या आसपास. मीटरची हद्द १०. त्यात स्टार्टर दाबताक्षणी मोटर चालू करंटच्या पाच ते सातपट ओढते, म्हणजे ५ एचपीलाही पस्तीसच्या वर. मीटर सिरीजमध्ये असेल तर फ्यूज त्या क्षणीच जाणार, आणि एका फेजमधला फ्यूज गेला की मोटर दोन फेजवर घरघरत राहणार. मोटर रिवायंडिंगचा खर्च हजारांत जातो. पाच रुपयांचा फ्यूज वाचवायचा प्रश्न इथे राहतच नाही.

या कामाला क्लॅम्प मीटर घ्या. जुने वायरमन त्याला टाँग टेस्टर म्हणतात. वायर तोडायची नाही, जबडा उघडून एका वायरीभोवती बंद करायचा. साधा, २६६ नावाने मिळणारा एसी क्लॅम्प पाचशे ते नऊशे रुपयांपर्यंत येतो. नाव असलेल्या कंपनीचा दीड-तीन हजारांत. शेतावर दोन-तीन मोटरी असतील त्या घरात हा खर्च मी डोळे झाकून करायला सांगेन. तिन्ही फेजवर एकेक करून जबडा लावला आणि दोन आकडे सात, तिसरा चार आला, तर मोटरीत, केबलीत किंवा लाइनीत काय चालले आहे याचा अंदाज रिवायंडरकडे जाण्याआधीच येतो.

क्लॅम्पवरही ‘करंट दाखवत नाही’ ही तक्रार असते, आणि तिचीही कारणे ठरलेली. जबडा अख्ख्या केबलीभोवती लावला तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना मारतात आणि आकडा शून्य येतो. एकच वायर आत घ्यायची. जबडा पूर्ण मिटलेला हवा. टोकांना गंज किंवा माती असली तर आकडा कमी येतो. स्टार्टरची पेटी उघडी असताना आतली टोके जिवंत असतात, तेव्हा ओल्या पायांनी, एकट्याने हे काम करू नका.

सोलर पंप आणि पॅनेल

आता शेतात सौर कृषिपंप येऊ लागले आहेत. महावितरणच्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के हिस्सा भरायचा असतो आणि ३, ५, साडेसात एचपीचे पंप मिळतात. पॅनेल आले की कुणीतरी मीटर घेऊन शॉर्ट-सर्किट करंट पाहायला जातो. पॅनेलच्या मागच्या पट्टीवर तो आकडा छापलेला असतो: साधारण ५४० वॉटच्या पॅनेलला १३ ते १४ अँपिअर. म्हणजे एका पॅनेललाही १० अँपिअरचा मीटर पुरत नाही. त्यात पॅनेल ओळीने जोडलेली असतात, व्होल्टेज शेकड्यांत जाते, आणि डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. लीड काढताना ती ताणली जाते आणि जळत राहते. ही तपासणी शेतकऱ्याने करू नये. योजनेतल्या पंपाला देखभालीची हमी असते, पुरवठादाराला बोलवा. स्वतःचे घरचे सोलर असेल आणि मोजायचेच असेल, तर डीसी मोजणारा क्लॅम्प लागतो. तो अडीच-तीन हजारांपासून पुढे. साधा एसी क्लॅम्प पॅनेलच्या वायरीवर शून्यच दाखवतो.

गॅरेजमधला फ्यूज

महामार्गावरच्या गॅरेजवाल्याला मात्र मल्टीमीटरचा डीसी करंट खरोखर लागतो. रात्रभर उभी गाडी सकाळी स्टार्ट होत नाही, बॅटरी कुठे उतरते ते शोधायचे असते. बॅटरीचा मायनस काढून मध्ये मीटर घालतात. बंद गाडी साधारण ५० मिलीअँपिअरच्या आत असावी. मीटर आधीच लहान रेंजवर ठेवला आणि कोणी दार उघडले, किल्ली फिरवली, तर आतला दिवा, पेट्रोल पंप, कॉम्प्युटर एकदम जागे होतात आणि फ्यूज जातो. सेल्फ मारला तर शंभराच्या वर अँपिअर जातात, तिथे फ्यूज नसलेली मोठी रेंजही तग धरत नाही.

सुरुवात नेहमी १० अँपिअरपासून करावी. दारे लावून, किल्ली काढून गाडी झोपू द्यावी. नव्या गाड्यांना त्याला वीस-तीस मिनिटे लागू शकतात. आकडा ०.२च्या खाली स्थिरावला की मगच लहान रेंज. मीटर काढताघालताना बॅटरीचा संपर्क तुटू नये म्हणून आधी एका जम्पर वायरीने दोन्ही टोके जोडून ठेवतात. नाहीतर गाडी परत जागी होते. गॅरेजच्या मीटरच्या पाठीला राखीव दोन फ्यूज टेपने चिकटवलेले असावेत.

फ्यूज चांगला आहे, तरीही

लीड सगळ्यात आधी. प्रोबच्या मुळाशी किंवा प्लगपाशी वायर आतून तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. बीपवर दोन्ही टोके जुळवून लीड वाकवून पाहा. आवाज तुटत असेल तर बदला. साधी जोडी पन्नास ते दीडशे रुपयांत, मऊ सिलिकॉनची चांगली जोडी तीनशे ते सहाशेत. महाग मीटरला स्वस्त लीड लावू नका. १० अँपिअर बारीक वायरीतून नेले की ती गरम होते.

बॅटरी. कोपऱ्यात बॅटरीचे चिन्ह दिसत असेल तर कोणत्याच आकड्यावर विश्वास नाही. ९ व्होल्टची साधी बॅटरी वीस-चाळीस रुपयांना येते.

पावसाळ्यानंतर नॉबखालच्या तांब्याच्या पट्ट्यांवर काळपटपणा चढतो, या भागात तर विशेष. नॉब वीस-पंचवीस वेळा पूर्ण गोल फिरवा. तेवढ्याने एखादी रेंज परत आली तर दोष तिथेच आहे. आत कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा लागतो. डबा दोनशे-चारशे रुपयांचा, पण गावातल्या मोबाइलवाल्याकडे तो असतोच. स्वस्त मीटरचे सर्किट स्वतः उचलणार असाल तर रुमाल पसरून बसा. नॉबमध्ये बारीक छर्रे आणि स्प्रिंगा असतात, त्या उडाल्या की सापडत नाहीत.

शेवटी शंट. मोठ्या भोकापासून निघालेली जाड, कमानीसारखी तार म्हणजे शंट. ती काळी पडली असेल, तिचा डाग सुटला असेल किंवा सर्किटवरची पट्टी जळून उचलली गेली असेल तर उघड्या डोळ्यांना दिसते. डाग पुन्हा देता येतो. शंटच जळाला असेल तर दुसरी कुठलीही तार लावून भागत नाही. तिचा अडथळा ठरलेला असतो, तार एवढीशी लांब-आखूड झाली की आकडा चुकतो.

दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा

दीडशे ते तीनशे रुपयांचा मीटर असेल तर फ्यूज, बॅटरी, लीड एवढ्यावरच खर्च करा. कारागिराने नुसता उघडून पाहायचे शंभर-दोनशे मागितले तर त्याचे काही चुकत नाही, त्याचा वेळ आहे. पण तुम्हाला तो खर्च परवडत नाही. शंट किंवा स्विच गेला असेल तर व्होल्टेज आणि बीपसाठी तो मीटर वापरत राहा आणि करंटच्या भोकावर टेप लावा.

दीड ते चार हजारांचा मीटर असेल तर पाचशेपर्यंतची दुरुस्ती योग्य, तीही आधी अंदाज लिहून घेऊन. याहून महाग मीटर कंपनीच्या सर्व्हिसलाच द्यावा. महाराष्ट्रात याची सोय जवळ आहे: मोतवाने आणि ऋषभ या दोन्ही कंपन्या नाशिकच्या, मेको नवी मुंबईची. ऋषभच्या काही मीटरमध्ये नॉब फिरवला की नको असलेली भोके झाकण सरकून आपोआप बंद होतात. मीटर चार हातांत फिरत असेल तिथे या एका सोयीसाठी जास्त पैसे द्यावेत. ज्यांच्या शेडमध्ये आयएसओची तपासणी होते त्यांनी शंटची दुरुस्ती झाल्यावर एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून कॅलिब्रेशन करून घ्यावे. घरच्या मीटरला त्याची गरज नाही.

नवा घेताना एक सापळा लक्षात ठेवा. महाग म्हणजे सगळे मोजणारा, असे नाही. फ्लूक १०१ हा मजबूत आणि सुरक्षित मीटर आहे, पण त्यात करंटची सोयच नाही; त्याच मालिकेतला १०७ करंट मोजतो. हे कळायला खोक्यावरची माहिती नको, मीटरची भोके मोजा. करंटचे भोक नसेल तर करंट मोजला जाणार नाही. आणि अडीचशे रुपयांच्या, फ्यूज नसलेल्या मीटरवर ‘कॅट-३, १००० व्होल्ट’ असे छापलेले दिसले तर त्या छपाईवर भरवसा ठेवू नका.

बिल घ्या. मल्टीमीटरवर १८ टक्के जीएसटी आहे. बिलावर मॉडेल आणि नंबर लिहून घ्या. वॉरंटीत फ्यूज, बॅटरी, लीड सहसा धरत नाहीत आणि चुकीच्या जोडणीने जळलेला मीटरही नाही. पण पहिल्याच दिवशी, वर दिलेल्या बल्बच्या चाचणीत करंटची रेंज चालली नाही, तर तो मालातला दोष आहे. ती चाचणी दुकानातच करून घ्या. मीटर धंद्यासाठी घेतला म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असे कोणी सांगितले तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातले स्पष्टीकरण दाखवा: स्वतःच्या पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी वस्तू घेणारा वायरमन किंवा गॅरेजवाला ग्राहकच ठरतो. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ या क्रमांकावर फोन करा. तक्रार मराठीत नोंदवता येते.